तांदळावरचं नाव

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

५ जानेवारी, सोमवार

पतसंस्थेनं यंदाही डायरी दिली. नेहमीप्रमाणे पुढून हिशेब आणि मागून मनातलं. दोन्ही बाजू मध्ये कुठंतरी भेटल्या की वर्ष संपतं.

आज एक काम मार्गी लागलं. सुनेचा जुना मोबाइल नंबर बंद झाला. लग्नाला दीड महिना झाला तरी दोन नंबर चालू होते, एक माहेरचा आणि एक नितेशनं घेऊन दिलेला. एका तोंडाले दोन नंबर कायले, असं मी म्हटलं.  तिनं जुना फोन अकोल्याला धाकट्या भावाला देऊन टाकला. "ठीक आहे आई" म्हणाली आणि सांबाराची जुडी निवडायला बसली. कोथिंबिरीचे कोवळे देठ बाजूला काढून ठेवले, चटणीसाठी. हे तिला सांगावं लागलं नाही. समजूतदार मुलगी मिळाली, महाराजांची कृपा.

गीतांजली हे नाव मीच ठेवलं. गुरुजींनी 'ग' अक्षर काढून दिलं, आणि 'ग'वरून हे एकच नाव माझ्या मनात होतं. मुलगी झाली असती तर ठेवणार होते. झाली नाही. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून नितेशनं अंगठीनं ते लिहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले. तिचे डोळे खालीच होते. माहेरी ती आचल होती. तेही नाव वाईट नाही, पण सासरी आलं की नवं नाव पडतंच. माझंही पडलं होतं.

८ जानेवारी, गुरुवार

मंदिरात जाऊन आले. गजानन महाराजांचा प्रकटदिन आठ फेब्रुवारीला आहे, रविवार. भाकरी थापण्याच्या यादीत माझं नाव दिलं, सुनेचंही.

घरी आले तर टीव्हीवर एक माणूस दोन तलवारी घेऊन राक्षसांना कापत होता. सुनेनं माहेरून कापडी पिशवीत एक काळं यंत्र आणलं होतं, ते टीव्हीला जोडलेलं. मी आजपर्यंत त्याला ज्यूसर समजत होते. दोनदा मनात आलं की संत्री स्वस्त आहेत, हिला म्हणावं काढ एकदा रस. बरं झालं बोलले नाही.

मला पाहून तिनं घाईनं बंद करायला हात घातला. मी म्हटलं, "राहू दे, राहू दे. त्याचं होऊ दे पुरं."

खेळाचं नाव इंग्रजीत आहे, मिडनाइट हेरॉन. हेरॉन म्हणजे बगळा, असं तिनं सांगितलं. जपानी लोकांनी काढला, वीस वर्षं झाली, पाच भाग निघाले. तो माणूस ओरिन. लांब पांढरे केस, निळा डगला. राक्षस अंगावर आला की आधी त्याची थट्टा करतो, मग मारतो.

मी विचारलं, "इतके केस मोकळे सोडून लढते, डोळ्यावर येत नाही का?"

ती हसली. या घरात तिचं असं दात दिसेपर्यंतचं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं असं वाटतं. आठवून बघितलं पाहिजे, कदाचित आधीही हसली असेल.

विजेचं बिल किती वाढेल ते विचारायचं राहून गेलं.

११ जानेवारी, रविवार

नितेशची आज बडनेऱ्याला दुपारची पाळी. जाताना खोलीतून त्याचा आवाज आला, "आचल, डबा दे व." मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "गीतांजली म्हण. सवय लागली पाहिजे." तो म्हणाला, "हो आई." गेला.

त्यानंतर सून फोन समोर ठेवून वाटाणे सोलायला बसली. फोनमधून बाप्यांचे, पोरींचे आवाज. मी घाबरले, म्हटलं कोणाच्या घरी भांडण लागलं. तसं नाही. बगळ्याच्या खेळाचे वऱ्हाडातले शौकीन आहेत, अकोला, अमरावती, तेल्हारा, खामगाव कुठचे कुठचे. त्यांचा ग्रुप आहे, दर रविवारी दुपारी फोनवर बसतात. आता नवा भाग निघाला आहे, पण सहावा नाही. कंपनीनं पहिल्यापासून सगळं नव्यानं सुरू केलं. नाव ओरिनच, पण माणूस दुसरा. काळे बारीक केस, डगला नाही, थट्टा नाही. त्यावरून रणकंदन.

सगळ्यात मोठा आवाज धर्मपाल नावाच्या एकाचा. अकोल्याचा आहे, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो म्हणे.

"अबे तो ओरिन हाये का? बँकेत पासबुक छापून देणारा दिसते!"

एक पोरगी म्हणाली, "दादा, खेळून तं पाहा आधी."

"खेळलो ना! अंगावर राक्षस आला अन् हा रडून राहिला. आमचा ओरिन रडे का कधी? नाव तेच ठेवलं अन् माणूस बदलून टाकला. हे बेइमानी होये."

मला त्याचं म्हणणं पटलं. उद्या मंदिरात महाराजांची मूर्ती बदलून दुसरीच ठेवली आणि म्हणाले हेच महाराज, तर चालेल का?

सून एक शब्द बोलली नाही. नुसती बोटानं भराभर लिहीत होती. वाटाण्याचा हात पुसायचा, लिहायचं, परत वाटाणा. वडीलधाऱ्यांसमोर मोठ्यानं बोलू नये हे तिला कळतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सुनेची पहिली. काळी साडी, हलव्याचे दागिने. पार्बताबाई शेजारून आल्या, तिळगूळ घेतला, आणि कानाशी लागून म्हणाल्या, "साधनाबाई, सून दुपारी कानात बोंडं घालून बसते म्हणे. कोनाशी बोलते विचारलं का कधी?"

मी म्हटलं, "बोलत नाही, लिहिते. अन् मी शेजारीच असते."

"मंग काय लिहिते?"

"बगळ्याबद्दल."

पार्बताबाईंनी दुसरा लाडू घेतला.

१८ जानेवारी, रविवार

आज एक गोष्ट कळली, ती मांडून ठेवते, म्हणजे माझ्याही लक्षात येईल.

दुपारी पुन्हा ती बैठक. धर्मपाल चिडलेला होता. "हे गीतांजली कोन हाये? दोन हप्ते झाले, नव्या ओरिनची वकिली करून राहिली. इतकं लंबं लंबं लिहिते, पण तोंडानं बोलत नाही. समोर ये ना बाई!"

दुसरा कोणी म्हणाला, "नवीन आली, भाऊ. तिले काय मालूम जुनं."

धर्मपाल म्हणाला, "तेच तं! आज आचल असती तं हिची बोलती बंद केली असती. आचलनं हा ग्रुप सुरू केला, कॉलेजात असताना. पाच भाग तोंडपाठ तिले. लग्न झालं अन् गायबच झाली पोरगी. नंबरही लागत नाही."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आचल म्हणजे आपलीच. गीतांजली म्हणजेही आपलीच, नव्या नंबरावर हेच नाव आहे. ज्या माणसानं ग्रुप काढला त्यालाच ते विचारून राहिले, तू कोण?

मी सुनेकडे पाहिलं. तिनं फोनचा आवाज बारीक केला.

मी म्हटलं, "सांगून का नाही टाकत?"

"काय सांगू, आई?"

"की तूच आचल."

तिनं मान हलवली. "आता गीतांजलीच हाये ना मी."

किती छान बोलली. मला वाटलं होतं नवं नाव रुजायला वर्ष लागेल. दोन महिन्यांत रुजलं. रात्री यांना सांगितलं तर हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "रुजलं का? बरं." यांना पोरीच्या स्वभावातलं काही कळत नाही.

जेवताना तिनं अर्धीच भाकरी खाल्ली.

२० जानेवारी, मंगळवार

आज मी ओरिनला हात लावला.

झालं असं की घरात दोघीच होतो, आणि ती म्हणाली, "आई, एकदा खेळून पाहा ना." मी म्हटलं, माझं आता काय वय आहे का. ती म्हणाली, जपानात आजीबाई खेळतात. मग घेतलं हातात ते बटनांचं. जुना भाग लावला तिनं, पांढऱ्या केसांचा ओरिन. राक्षस आला. मला एकच बटन सापडलं, ते मी दाबत गेले. दाब, दाब, दाब. राक्षस मेला. वर एक इंग्रजी अक्षर आलं, डी.

"हे काय?"

"मार्क. सगळ्यात कमी."

"काहून? मेला ना राक्षस?"

"नुसतं मारून नाही चालत आई. झोकात मारा लागते. एकच वार परत परत केला तं मार्क कमी होतात. वार बदला लागतो, मधात थांबा लागते, अंगावर आलेला वार शेवटच्या क्षणाले चुकवा लागते. मंग मार्क चढतात."

मग तिनं करून दाखवलं. मी शप्पथ सांगते, ती नाचल्यासारखी बसली होती. बोटं हलत होती आणि खांदे जागेवर. ओरिन एकदा वर उडाला, एकदा थांबला, नुसताच थांबला, मला वाटलं गेला आता, आणि तिसरा वार असा केला की राक्षसाला कळलंच नसेल कुठून आला. वर सोन्याचं अक्षर.

मग तिनं नवा भाग लावला. काळ्या केसांचा. "आता डोळे मिटा आई. नुसता आवाज ऐका."

मी डोळे मिटले. सपकन, सपकन, मग थांबला, मग सपकन.

"हे तं तेच!" मी म्हटलं.

"हो ना? तिसऱ्या वाराच्या आधी थांबते. दोघंही. केस बदलले, डगला बदलला, पण हात तोच हाये. मी हेच लिहून राहिली ग्रुपवर दोन हप्त्यांपासून. कोणी वाचतच नाही."

या नव्या ओरिनला आई आहे. जुन्याला नव्हती, कुठून आला काही पत्ता नाही. यात सुरुवातीलाच आई त्याला जेवायला बोलावते आणि तो जेवत नाही, निघून जातो. मला ते आवडलं नाही, पण आई दाखवली ते बरं केलं.

वरण लागलं खाली. दोघींनी वरचं वरचं खाल्लं, खालचं भांडं यांना न दाखवता घासून टाकलं.

२५ जानेवारी, रविवार

ग्रुपवाल्यांनी ठरवलं, एक फेब्रुवारीला अकोल्याला सगळ्यांनी जमायचं. एका शिकवणीवर्गाची खोली रविवारी रिकामी असते, ती मिळाली. जुना विरुद्ध नवा, समोरासमोर. धर्मपालनं जाहीर केलं, "नव्याकडून त्या गीतांजलीनंच बोलायचं. हिंमत असन तं ये म्हणा. नाही आली तं ग्रुपमधून काढून टाकू, रोजची किटकिट."

सून उठून गच्चीवर गेली. वाळत घातलेल्या पापड्या तशाच होत्या, त्या काढायच्या निमित्तानं मीही गेले.

"जायचं आहे का तुले?" मी विचारलं.

"नाही."

"मग रडून काहून राहिली?"

"ऊन हाये, आई."

ऊन होतं खरं. पण पाठीमागून.

थोड्या वेळानं आपणच बोलली. "गेली तं त्याईले कळन. म्हणतील, जे पोरगी नवा भाग निघाच्या आधी कंपनीले पत्र लिहे की आमच्या ओरिनचं नाव बदलू नका, तिनं स्वतःचं बदलू देलं अन् चूं केलं नाही. अन् नाही गेली तं काढून टाकतील. मंग तिथंही मी नाही."

"तिथंही म्हणजे?"

ती पापड्या गोळा करत राहिली.  तिथंही नाही म्हणजे आणखी कुठं नाही? इथं तर आहे. स्वयंपाकघरात आहे, देवघरात आहे, रेशनकार्डावर नाव घालायचा अर्ज दिला आहे. मला खरंच समजलं नाही.

२८ जानेवारी, बुधवार

दोन दिवसांपासून पोथीत लक्ष नाही. एक अध्याय दोनदा वाचला, हे नंतर कळलं.

एक मन म्हणतं, खेळ तो खेळ. लग्न झालेल्या मुलीनं त्यासाठी गावोगाव कशाला हिंडावं. दुसरं मन म्हणतं, ज्या माणसांना तिनं जमवलं त्यांनीच तिला हाकलायचं, हा कुठला न्याय. मंदिरात ज्या बाईनं भजनी मंडळ काढलं तिलाच उद्या कोणी म्हटलं की तुमचं नाव यादीत नाही, तर?

आज हिशेब लिहिताना यांना म्हटलं, "मनकर्णा मावशीले पाहाले जायचं होतं अकोल्याले. पाय दुखते म्हणे तिचा."

हे म्हणाले, "मावशीचा पाय चार वर्षांपासून दुखून राहिला."

"तेच तं. चार वर्षं गेली नाही मी."

हे चष्म्यावरून पाहत राहिले. मग म्हणाले, "रविवारी जाता का? नितेश बसवून देईन गाडीत. सुनेलेही घेऊन जा. एकटी कायले जाते."

यांना काही कळत नाही असं वर लिहिलं आहे. ते खोडत नाही, पण त्यावर एक रेघ मारून ठेवते.

सुनेला सांगितलं. तिनं विचारलं, "मावशीकडंच ना?"

"मावशीकडं. अन् मग तुया ग्रुपकडं."

३१ जानेवारी, शनिवार

सोबत न्यायला पुऱ्या, तिळाची चटणी, दोन लिंबं. सून काय बोलायचं ते गच्चीवर पाठ करत होती. खाली ऐकू येत होतं. पार्बताबाईंनी विचारलं, कुठली परीक्षा आहे? मी म्हटलं, मोठी आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

काल आल्यावर लिहायचं त्राण नव्हतं. आज नीट लिहिते.

सकाळी नितेशनं बडनेऱ्याला गाडीत बसवलं. मूर्तिजापूरला एक बाई ओला हरभरा विकायला चढली, तो घेतला आणि दोघी सोलत बसलो. अकोला आलं तरी संपला नव्हता.

आधी मावशीकडे गेलो. मावशी माझ्या आईची सगळ्यात धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची. दारातून मला पाहिलं आणि ओरडली, "शालू! शालू आली व माय! अवो पाह्य, माही शालू आली!"

सून माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "माझं माहेरचं."

मावशीनं तिला जवळ बसवलं आणि सुरू झाली. शालू झाडावर कशी चढायची, तेल्हाऱ्याच्या शाळेत दहावीला शालूचं नाव फळ्यावर कसं लिहिलं होतं, शालू आवळे चोरायची आणि वाटे मात्र सारखे करायची, एकही कमीजास्त नाही. मी म्हटलं, "पुरे कर मावशी." पण ती ऐकते कुठं. "गोवर्धनराव बरे आहेत ना? त्यायले म्हणा, आमची शालू देली होती तुमाले, ते नीट ठेवा."

सून एकटक ऐकत होती. रिक्षात तिनं विचारलं, "तुमाले आता कोणी शालू म्हणत नाही?"

"कोण म्हणणार? आई गेली, बाबा गेले. मावशीच एक. मावशी आहे तोवर शालू आहे."

असं मी सहज बोलले. बोलल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. बाहेर बघत बसले. अकोल्यात ऊन फार.

शिकवणीवर्गाची खोली दुसऱ्या मजल्यावर. पन्नास-साठ पोरंपोरी. एकानं पांढऱ्या केसांचा टोप घातलेला, निळी चादर पांघरलेली. भिंतीवर सूत्रं लिहिलेली तशीच. दारात टेबल, तिथं एक पोरगी चिठ्ठ्यांवर नावं लिहून छातीला लावत होती.

"तुमचं नाव?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. लग्नात तांदळाच्या ताटासमोर बसली होती तेव्हा तिनं वर पाहिलं नव्हतं. काल पाहिलं. ते पाहणं मला इथं लिहिता येत नाही.

तेवढ्यात आतून एक ढेरपोट्या दाढीवाला धावत आला. "अबे! आचल! आचल आली बे!" हाच धर्मपाल. डोळ्यांत पाणी आलेलं त्याच्या. "कोठी होती व तू? बरं झालं आली, नेमकी आली. आज त्या गीतांजलीची जिरवायची हाये. कोठी हाये ते? आली का ते?"



मी म्हटलं, "हेच ते."

"कोण?"

"ही. मी सासू हो हिची. गीतांजली नाव मी ठेवलं. तुमची आचल अन् ते गीतांजली, एकच पोरगी आहे."

 धर्मपालनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे महिनाभर मी आचलच्या विरोधात आचललेच बोलावून राहिलो?"

कोणी हसलं. मग मागून एकजण म्हणाला, "म्हणूनच नव्याची वकिली! हे तं स्वतःच रिबूट झाली!" सगळे हसले. नव्यानं काढलेल्या खेळाला ते रिबूट म्हणतात, हे मला माहीत होतं, त्यामुळे मलाही कळलं.

सुनेचा चेहरा पडला. हात दाराकडं गेला. मला वाटलं, निघाली आता. मी टेबलावरच्या पोरीला म्हटलं, "बाई, लिही. आचल. मोठ्या अक्षरात लिही."

कसं बोलून गेले माहीत नाही. गीतांजली हे नाव मनात जपून ठेवलं होतं मी पंचवीस वर्षं, न झालेल्या मुलीसाठी. पण पोरीनं लिहिलं, मी तिच्या हातातून चिठ्ठी घेतली आणि सुनेच्या साडीला लावली. पिन जरा तिरपी लागली.

मग ती थांबली. नुसतीच थांबली. मला वाटलं, गेलं आता. आणि मग ती आत गेली, फळ्यापुढं उभी राहिली आणि बोलली. पाठ केलेलं एक अक्षर बोलली नाही.

म्हणाली, "रिबूट झाली म्हणता ना? हो, झाली. नाव बदललं, घर बदललं, नंबर बदलला. मी आली ग्रुपवर. महिनाभर लिहून राहिली. वाक्यं माहीच होते. दुसऱ्या भागातल्या पुलाबद्दल मी जे लिहिलं ते धर्मपालदादा, मी तुमाले सात वर्षांपूर्वी तुमच्या दुकानात बसून सांगितलं होतं, तसंच्या तसं. तुमी वाचलं का? नाही. तुमी वर नाव पाह्यलं, गीतांजली, अन् म्हटलं ही कोण. नव्या ओरिनसोबत तेच करून राहिले तुमी. केस पाहून राहिले. हात पाहा ना त्याचा! तिसऱ्या वाराच्या आधी थांबते का नाही थांबत? ज्याले हात वळखता येत नाही, तो कायचा जुना शौकीन?"

टोप घातलेल्या पोरानं टोप काढला. उकडत असेल.

धर्मपाल खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "थांबते. कबूल. तिसऱ्याच्या आधी थांबते." मग लगेच, "पण रडते काहून बे तो?"

"त्याची आई मेली, दादा!"

"अन् थट्टा? थट्टा कोठी गेली? तीन तासात एक विनोद नाही!"

आणि मग जे भांडण लागलं ते चहा येईपर्यंत थांबलं नाही. नवी-जुनी बाजू कोणाच्या लक्षात राहिली नाही. धर्मपाल अजूनही जुन्याचाच आहे, आणि माझ्या मते थट्टेबाबत त्याचं खरं आहे. माणसानं संकटात थोडी थट्टा करावी. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. मी पुऱ्या वाटल्या. वाटे सारखे केले, चटणी थोडी कमी पडली.

मध्ये टेबलावरची पोरगी माझ्याकडे आली. "काकू, तुमाले चिठ्ठी लावाची राहून गेली. नाव?"

मी म्हटलं, "साधना." तेच आहे ना. तेहेतीस वर्षं त्याच नावानं हाक आली की ओ दिली. ते काही खोटं नाव नाही.

खोलीत खडूची धूळ फार होती. डोळे चुरचुरत होते.

गाडीची वेळ झाली, तिच्या माहेरी जाणं राहून गेलं. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. बडनेऱ्याला मी हाक मारली, "आचल, उठ." ती उठली नाही. मग म्हटलं, "गीतांजली." तरी नाही. मग हलवलं. झोपेला कुठलंच नाव लागत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मंदिरात जाऊन आले. भाकरीच्या यादीत गीतांजली लिहिलं होतं ते बदलून आचल करून आणलं. यादीवाल्या बाईंनी विचारलं, सून बदलली का? मी म्हटलं, नाही, तीच.

घरी सांगितलं तर सून म्हणाली, "गीतांजली पुरं पुसू नका ना आई. ग्रुपवर ते नाव लय फेमस झालं आता. धर्मपालदादा म्हणते, भांडाचं असन तं गीतांजली म्हणून लिही, गोष्टी कराच्या असन तं आचल. मले दोन्ही पायजे."

एका तोंडाला दोन नावं. राहू दे. त्याला रिचार्ज लागत नाही.

नितेशला कळलं तेव्हा तो इतका मोकळा झाला की घरभर आचल, आचल करत फिरत होता. हे म्हणाले, "अरे बस झालं, ऐकलं तिनं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मावशीचा पाय कसा आहे?" मी म्हटलं, तसाच. "मग पुन्हा जावं लागन," म्हणाले.

संध्याकाळी मी ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसले. आचल समोर येऊन बसली. खडे काढता काढता तिनं तांदूळ हातानं सारखे केले, पसरले, आणि बोटानं काहीतरी लिहायला लागली. ताट तिच्या बाजूला होतं, मला उलटं दिसत होतं. मी चष्मा सरळ केला.

शालू.

  बाहेर पार्बताबाई कोणाला तरी दुधाचं विचारत होत्या. मी ते पाहत राहिले. फळ्यावर होतं तसं वाटलं, अक्षर मात्र शाळेतल्या गुरुजींपेक्षा चांगलं.

मग म्हटलं, "चल, आंधण उकळून राहिलं." ताट उचललं, तांदूळ धुतले आणि टाकले. नाव लिहिलं म्हणून काही ते ठेवून द्यायचे नसतात. सगळ्यांनी खाल्ले, भात मोकळा झाला होता. यांनी दोनदा घेतला.